लाल गळ्याच्या पाखराचं नाव

जगात पाखरांच्या दहा हजार जाती आहेत. त्यातल्या प्रत्येक जातीला इंग्रजीत एकच नाव असावं, मग बोलणारा लंडनचा असो, मेलबर्नचा असो नाहीतर मिनेसोटाचा, एवढ्यासाठी काही शिकलीसवरलेली माणसं तेरा वर्षं एकमेकांशी भांडत होती. पाखरांना याचा पत्ताही नव्हता. भांडणाऱ्यांपैकी एक ब्रिटनच्या पार उत्तर टोकाच्या आमच्या येल बेटाची होती, गिबी मोअटची लेक ओस्ला. एडिंबरोच्या संग्रहालयात पक्ष्यांच्या विभागाची मोठी बाई, वय बावन्न. लग्न केलं नव्हतं. करायला वेळच झाला नाही असं ती म्हणायची, आणि विचारायला कुणी धजावलं नाही असं आम्ही म्हणायचो.

त्या ऑगस्टात ती गवताच्या दिवसांत घरी आली ती समितीचं शेवटचं मत पिशवीत घेऊनच. बाकीची सगळी नावं ठरली होती. आमचं एक ठेवा, तुमचं एक सोडतो, अशी देवाणघेवाण करून ठरवली होती, गुरांच्या बाजारात ठरवतात तशीच. अडलं होतं ते एका पाखराच्या कुळापाशी. लांब मानेचं, डोंगरातल्या तळ्यात अंडी घालणारं, उन्हाळ्यात गळ्यावर लाल डाग मिरवणारं पाखरू. ब्रिटनमधली पुस्तकं त्याला 'डायव्हर' म्हणतात, अमेरिकेतली 'लून'. चार मतं इकडे पडली होती, चार तिकडे. ओस्ला समितीची चिटणीस, आणि चिटणिसानं फक्त बरोबरी झाली तरच मत द्यायचं असा नियम होता. शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत तिनं मत ईमेलनं कळवायचं होतं.

तिचं मत काय असणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. तेरा वर्षं डायव्हरची बाजू तिनंच लढवली होती. अमेरिकेच्या बाजूनं लढणारा मिनेसोटाचा ऑर्विल हॉगन नावाचा म्हातारा होता. दोघं फक्त दोनदाच भेटलेले, पण पत्रातून इतके भांडले होते की आता त्यांच्यात एक प्रकारची माया झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी त्याचं पत्र आलं. 'हरलो. अभिनंदन,' असं त्यात होतं. आणि खाली, 'फक्त एक राहिलं. तेरा वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक पान पाठवलं होतं. आमचा लून हा शब्द तुमच्याच बेटांकडून आलाय, जुन्या नॉर्वेकरांच्या बोलीतून, असं त्यात लिहिलं होतं. तुमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्याला लूम म्हणतात का, असं विचारलं होतं. ते पान तुम्ही समितीपुढे कधी ठेवलं नाही, आणि मला उत्तरही दिलं नाहीत. का, तेवढं सांगा. आता रागावणार नाही.'

का, ते ओस्लाला चांगलं ठाऊक होतं. पण ते ऑर्विलला सांगण्यासारखं नव्हतं. स्वतःलासुद्धा तिनं ते कधी धड सांगितलं नव्हतं.

ती आठ वर्षांची असतानाची गोष्ट. रविवारी चर्चनंतर पाद्रीसाहेब चहाला आले होते. आई बॅनकच्या जाड भाकरी भाजत होती. दा, म्हणजे तिचे वडील (आमच्याकडे बापाला दाच म्हणतात), पाद्रीसाहेबांना मोठ्या खुशीत सांगत होते, की वरच्या तळ्यावर यंदा लूमची जोडी आलीय, दोन पिल्लंही आहेत. ओस्ला नुकतीच शाळेत पहिली आली होती. ती खुर्चीवरून उतरली, पाय आपटला आणि म्हणाली, "लूम नाही, रेड-थ्रोटेड डायव्हर! बरोबर बोला, दा!"

सगळे हसले. पाद्रीसाहेब हसले, आई हसली, दाही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून दांनी लेकीसमोर कधी लूम म्हटलं नाही. कुठल्याच पाखराचं आपलं नाव तिच्यासमोर घेतलं नाही. हळूहळू सगळंच बोलणं बदललं. दा तिच्याशी शाळेची इंग्रजी बोलू लागले, पाव्हण्यांशी बोलतात तशी, जपून, कडक इस्त्रीची. आमच्या बोलीत लहानांना 'तू' असतं आणि मोठ्यांना 'तुम्ही'. त्या इस्त्रीच्या इंग्रजीत 'तू' नाहीच. तेव्हा बापाच्या तोंडचं 'तू' त्या पोरीचं आठव्या वर्षी गेलं ते गेलंच. स्वयंपाकघरात दा आणि आई आपल्या बोलीत खिदळत असायची. ओस्ला दारात आली की बोलणं थांबायचं. मग दा म्हणायचे, "या. बसा. आज शाळेत आपण काय शिकलात?"

पुढे तिनं पक्ष्यांचाच अभ्यास केला, मोठी झाली, आई गेली. मनातलं मात्र हललं नाही. आपण बापाला चारचौघांत लाजवलं, आणि बापानं ते कधी माफ केलं नाही. मग त्याच नावासाठी ती तेरा वर्षं हट्टाला पेटली. ज्या नावापायी बापाला मुकं केलं ते नाव निदान बरोबर तरी असू दे. तेही चुकीचं ठरलं, तर कशापायी केलं सगळं? म्हणून ऑर्विलचं पान तिनं टेबलाच्या तळच्या खणात टाकलं आणि खणाला कुलूप घातलं. हुशार माणसं मूर्खपणा करतात तोही असा पद्धतशीर करतात.

शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. गवत कापून दोन दिवस झाले होते, उतारावर पसरून वाळत होतं. दा एक्क्याऐंशीचे, पण गवत उलथायचं दाताळं अजून कुणाच्या हाती देत नसत.

"सुप्रभात," दा म्हणाले. "हवामान उत्तम आहे. तुमची झोप नीट झाली का?"

"झाली, दा."

"समोरच्या खडकावर एक ऑयस्टरकॅचर बसलेला आहे. तुम्ही पाहिलात का?"

आमच्याकडे त्याला शाल्डर म्हणतात. दा सोडून सगळं बेट शाल्डर म्हणतं, आणि दाही म्हणतात, ओस्ला बोटीत चढून गेली की.

"पाहिला," ओस्ला म्हणाली, आणि उरलेला चहा संपवला.

तेवढ्यात शेजारची मायमा अंड्यांची टोपली घेऊन आली. ती शाळेची झाडलोट करते, त्यामुळे शाळेची किल्ली तिच्याकडे असते, आणि बेटाच्या त्या टोकाला कंप्युटर फक्त शाळेत. "पाचला येते हो तुला घ्यायला," ती ओस्लाला म्हणाली. "जगाची पाखरं तुझ्यावाचून खोळंबलीत म्हणे! ए गिबी, लेकीला आज गवताला जुंपू नकोस रे, हात दुखले तर मत कसं देईल?"

"गप गं भवाने," दा आपल्या बोलीत खेकसले. "तुझी कोंबडी माझ्या जवात शिरली होती काल, तिचं मत विचार आधी."

मायमा खो खो हसत गेली. आणि दा वळून लेकीला म्हणाले, "आपण थोडा आणखी चहा घ्याल का?"

ओस्ला दुसरं दाताळं आणायच्या निमित्तानं उठली. ते नावेच्या खोपटात असायचं. नाव विकून दहा वर्षं झाली होती, पण खोपट जाळी, दोर आणि डांबराच्या वासानं तसंच भरलेलं. दाताळं एका फळीमागे अडकलं होतं. ते ओढताना फळीवरून एक पत्र्याचा डबा खाली पडला, बिस्किटांचा, आणि त्यातून पुस्तक निघालं.

पक्ष्यांची ओळख करून देणारं पुस्तक, लर्विक बंदरातल्या दुकानातलं. आतल्या पानावर पेन्सिलीनं तारीख होती. ओस्लानं ती दोनदा वाचली. पाद्रीसाहेबांच्या त्या चहानंतरचा गुरुवार.

पानं बोटांनी काळी पडली होती. चित्रांशेजारी खुणा होत्या, आणि मागच्या कोऱ्या पानांवर दांच्या मोठ्या अक्षरात याद्या. 'ओस्ला शुक्रवारी येणार. पाच पाठ करणे. ऑयस्टरकॅचर. आर्क्टिक टर्न. ग्रेट स्कुआ. फुल्मार. डनलिन.' खाली दुसरी. 'ओस्ला नाताळला येणार. बदकं सगळी करणे.' मग तिसरी, चौथी. ती वसतिगृहात असतानाच्या, विद्यापीठात असतानाच्या, नोकरी लागल्यानंतरच्या. आई गेली त्या महिन्याचीसुद्धा एक होती. 'ओस्ला उद्या येणार. काही नवीन जमलं नाही. जुनी म्हणून बघणे.'

ती दोरांच्या वेटोळ्यावर बसली आणि रडली. लहान पोर रडतं तशी, नाक पुसत, आवाज करत. मग पुस्तक घेऊन उतारावर गेली.

दा गवत उलथत होते. पुस्तक पाहिलं आणि कान लाल झाले. "ते खासगी आहे," ते म्हणाले.

"दा, तुम्ही माझ्यावर रागावला नव्हतात?"

"कधी?"

"पाद्रीसाहेब आले होते तेव्हा. लूम म्हणालात म्हणून मी ओरडले होते."

दा दाताळ्यावर रेलले. जरा वेळ त्यांनी शब्द जमवले. अवघड बोलायचं असलं की ते त्या इंग्रजीत शब्द असे जमवायचे, ओल्या दगडांवर पाय टाकत ओढा ओलांडतात तसे.

"राग नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटली. मी शाळेत लूम म्हणालो होतो, तेव्हा मास्तरांनी चामड्याच्या पट्ट्यानं सहा फटके दिले होते. या हातावर. तुमच्या हातावर ते पडू नयेत अशी माझी इच्छा होती. घरात ऐकलं की तोंडात बसतं. म्हणून घरातलं काढून टाकलं."

"पण मी मोठी झाले की! पन्नाशी उलटली माझी! आता कोण मला पट्ट्यानं मारणार होतं?"

"ते खरं," दा म्हणाले. "पण तुम्हाला ठाऊक आहे, माझे वडील नावेत चढले की पाद्रीचं नाव घेत नसत. मांजराचं नाही, सुरीचंही नाही. दर्यावर सगळ्याला दुसरी नावं. जमिनीवरचं नाव चुकून तोंडातून निघालं तर बोट परत येत नाही, असं मानत. ती नावं काही लाजेपोटी बदलत नव्हते कुणी. माणूस घरी परत यावा म्हणून बदलत." त्यांनी पुस्तकाकडे बोट केलं. "तुम्ही पहिल्यांदा गेलात एडिंबरोला, तेव्हा आमची सिनी म्हणाली, ही काही परत येत नाही. मी म्हटलं, येईल. आणि आलात तुम्ही. दर वेळी आलात. मग मी नावं बदलू कशाला?"

सिनी म्हणजे तिची आई. चव्वेचाळीस वर्षं जे ओस्लाला बापाचं रुसणं वाटत होतं, ते तिला सुखरूप घरी आणायचं व्रत होतं. म्हाताऱ्यानं लेकीला दर्या मानलं होतं, आणि मुकाट्यानं दर्यावरचं पथ्य पाळलं होतं.

मग तिनं सगळं सांगितलं. चार-चार मतं, ऑर्विलचं पान, कुलूपबंद खण. लूम हाच शब्द दर्यापार जाऊन लून झाला, अमेरिकेत शाळेतली पोरं तो पुस्तकातून शिकतात, आणि आता सहा वाजायच्या आत तिनं ठरवलं तर सगळ्या जगाच्या यादीत तोच लागेल.

तिला वाटलं होतं दा हरखतील. दांचा चेहरा पडला.

"म्हणजे डायव्हर रद्द?"

"हो, यादीतून."

"हे बरं आहे!" दांनी दाताळं जमिनीवर आपटलं. "ज्याच्यासाठी फटके खाल्ले ते आता बरोबर, आणि जे पाठ करायला मला अख्खा हिवाळा लागला ते चूक? ते 'थ्रोटेड' म्हणताना माझे पुढचे दोन दात पडायचे बाकी राहिले होते! नाही. तुम्ही डायव्हरलाच मत द्या. माझ्या कष्टांचा काही विचार करा."

ओस्लाला हसू आवरेना, आणि हसताहसता पुन्हा डोळे भरले. आता बाजू उलटली होती. लेक लूमच्या बाजूनं आणि बाप डायव्हरच्या, आणि दोघांमध्ये एक एकर गवत.

वरच्या तळ्याकडून तेव्हाच आवाज आला. कॅक-कॅक-कॅक, घोगरा आणि घाईचा. मान पुढे ताणून एक पाखरू डोंगरावरून सरळ खाली येत होतं. ते त्यांच्या डोक्यावरून गेलं आणि खाडीच्या तोंडाकडे, उघड्या समुद्राकडे निघालं. मागून दुसरं. आभाळ अजून निळंच होतं. पण ही पाखरं डोंगराकडे गेली तर होडी काढावी, आणि ओरडत समुद्राकडे गेली तर पाऊस येणार म्हणून होडी किनाऱ्यावर ओढून घ्यावी, हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. उद्या रविवार. रविवारी आमच्याकडे गवताला कुणी हात लावत नाही.

दांनी मान वर केली, आणि चव्वेचाळीस वर्षं गिळलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"लूम दर्याकडं निघाली! पळ, ओस्ला, पळ पोरी! बघतेस काय अशी, खालच्या बाजूनं धर, ढीग घाल! अगं तसं नाही, गोल घाल, तुझ्या आईनं काहीच शिकवलं नाही का तुला? जाळी आण, खोपटातली! आणि दगड!"

ओस्ला पळाली. बावन्नाव्या वर्षी, एडिंबरोचे बूट घालून, बकरीसारखी पळाली. गवत ओढलं, ढीग घातले, वर जाळ्या टाकल्या, जाळ्यांच्या टोकांना दगड बांधले. दा शिव्या देत होते, कौतुक करत होते, चुका काढत होते, आणि प्रत्येक वाक्यात 'तू' होतं. 'तू इकडं ये. तू तिकडं ओढ. तुला दिसत नाही का?' तिला सगळं दिसत होतं आणि डोळ्यांतल्या पाण्यानं काहीच दिसत नव्हतं. चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळं आलं. शेवटचा दगड बांधला आणि पहिला थेंब पडला. मग असा पाऊस कोसळला की समोरची खाडी दिसेनाशी झाली.

स्वयंपाकघरात दोघं चुलीपुढे उभी राहिली. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, विटा जळून लाल झाल्या होत्या, कपड्यांतून वाफ निघत होती. दांना धाप लागली होती. जरा सावरल्यावर त्यांनी अंगातला कोट काढला, खुंटीला लावला, केसांवरून हात फिरवला. आणि ओस्लाच्या डोळ्यांदेखत ती इस्त्री परत त्यांच्या अंगावर चढली.

"आपण भिजलात," दा म्हणाले. "तुम्ही थोडा चहा घ्याल का?"

पण ओस्ला काही आता आठ वर्षांची नव्हती. ती पुढे झाली, ओल्या बुटाचा पाय जमिनीवर आपटला आणि म्हणाली,

"बरोबर बोला, दा."

चुलीवर किटली वाजू लागली तरी दांनी ती उतरवली नाही. त्यांच्या जिवणीचा एक कोपरा थरथरला. मग त्यांनी नाक शिंकरलं, किटली उतरवली आणि पाठ वळवूनच म्हणाले,

"चहा घेतेस का गं?"

"घेते."

"मग बूट काढ आधी. सगळ्या घरभर चिखल केलास."

पाचला मायमा छत्री घेऊन आली. ओस्ला निघाली तेव्हा दा दारापर्यंत आले. "मत कुणाला देणार आहेस?"

"तुमच्या लूमला."

"माझ्या? ती अमेरिकेवाल्यांनी पळवली." दांनी विचार केला. "त्या म्हाताऱ्याला लिही, शब्द नेलास तर नेलास, पण धड तरी न्यायचा. शेवटचं अक्षर दर्यात सांडलंस. आणि त्या पानाबद्दल माफी माग. खणात घालून ठेवतात होय दुसऱ्याचं पत्र?"

शाळेत कंप्युटर चालू व्हायला दहा मिनिटं लागली. मायमा शेजारच्या छोट्या बाकावर गुडघे दुमडून बसली. सहाला वीस मिनिटं कमी असताना ओस्लानं मताच्या रकान्यात 'लून' लिहिलं. खाली कारणाचा रकाना होता. त्या रकान्यात तिनं तेरा वर्षांत पानंच्या पानं भरली होती, संदर्भ आणि तळटिपांसकट. आज तिनं आधी ऑर्विलच्या त्या पानाबद्दल सगळं खरं सांगितलं, दोन वाक्यांत. मग एकच ओळ लिहिली.

"काय लिहिलंस?" मायमानं विचारलं. चष्मा नसल्यामुळे तिला वाचता येत नव्हतं.

"माझे वडील याला अजून लूम म्हणतात."

"हे काय कारण झालं? अख्ख्या बेटाला ठाऊक आहे ते."

"मला नव्हतं," ओस्ला म्हणाली, आणि पाठवायचं बटण दाबलं.